जीपगाडीला विंच बसविणे : धानबांध्यांच्या मुलखासाठी काही सूचना

गोंदिया जिल्ह्यात मृगाच्या सुमारास परे टाकले जातात आणि आषाढात रोवणी ऐन भरात येते. या दिवसांत चिखलणी करणारा ट्रॅक्टर बांधीत रुतणे किंवा खताच्या गोण्या घेऊन निघालेली जीप पांदणीत अडकणे, ही नित्याची बाब होय. इटियाडोह आणि बाघ प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात उन्हाळी धानही होत असल्यामुळे तेथे माघ-फाल्गुनातही हीच अडचण उभी राहते. पूर्वी अशा वेळी शेजारच्या बैलजोड्या आणून जुंपल्या जात. आता दुसरा ट्रॅक्टर बोलावतात आणि तोही रुतला म्हणजे तिसऱ्याची वाट पाहतात. ज्यांच्यापाशी जीपवर्गीय गाडी आहे, त्यांच्या मनात मग गाडीच्या पुढे एक भक्कम लोखंडी बंपर लावून त्यावर विंच बसवून घ्यावी, असा विचार येतो.

विंच म्हणजे दातेरी चक्रांच्या साहाय्याने ढोलावर दोर गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र. गाडीच्या बॅटरीवर चालणारी विंच चार टनांहून अधिक ओढू शकते. साधन उपयुक्त आहे, यात संशय नाही. परंतु विंचची खरी ताकद ती ज्यावर बसविलेली असते त्याच्या ताकदीइतकीच असते. चार टनांची विंच एक टन सोसणाऱ्या बंपरवर बसविली, तर एक टनाची विंच मिळत नाही, अपघाताचे साधन मात्र मिळते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांना प्रथम समजावून द्यावी.

चिखल किती जोराने धरतो

कन्हार व मोरांड यांसारख्या भारी जमिनीत वर्षानुवर्षे चिखलणी झाल्यामुळे नांगरटीच्या खाली, साधारणतः १५ ते २० सेंटिमीटरवर, एक कठीण थर तयार होतो. पाणी धरून ठेवण्याचे काम हाच थर करतो आणि ट्रॅक्टरची चाकेही याच थरावर चालतात. जेथे हा थर नाही तेथे ट्रॅक्टर बसतो. लहान बांध्या जोडून नुकतीच मोठी बांधी केली असेल, तर भराव पडलेला खालचा भाग, बुजविलेली बोडी, धुऱ्याच्या तोंडाशी पाणी सतत पडून खचलेली जागा, या ठिकाणी विशेष जपावे. त्या जागा मालकाला ठाऊक असतात, पण भाड्याने आलेल्या ट्रॅक्टरचालकाला त्या ठाऊक नसतात. काम सुरू होण्यापूर्वी त्या जागी एखादी काठी रोवून ठेवावयास काहीच खर्च येत नाही.

रुतलेले वाहन ओढण्यास किती जोर लागेल याचा एक ठोकताळा आहे. चिखल चाकाच्या तुंब्यापर्यंत असेल तर वाहनाच्या वजनाइतका जोर लागतो. तुंबा बुडून चिखल मडगार्डापर्यंत आला असेल तर वजनाच्या दुप्पट, आणि त्याहूनही वर गेला असेल तर तिप्पट. म्हणजे दोन टन वजनाचा ट्रॅक्टर तुंब्याच्या वर रुतला की चार टनांचा ओढा पाहिजे. येथे कित्येकांचा अंदाज चुकतो. ‘दोन टनांचा तर ट्रॅक्टर’ असे म्हणून ते दोन टनांचा दोर आणतात आणि दोर तुटल्यावर दोराला दोष देतात.

चिखल वजनाने धरतो त्याहून अधिक तो चोखून धरतो. चाकापुढील व इंजिनाच्या पोटाखालील चिखल फावड्याने मोकळा करून हवा व पाणी आत शिरू दिले, तर लागणारा जोर बराच उतरतो. अर्ध्या तासाच्या खोदकामाला पर्याय म्हणून विंच वापरू नये. खोदकाम आधी करावे, विंच नंतर लावावी.

चाकाला ओंडका बांधण्याची घातक रीत

विंचकडे वळण्यापूर्वी एका प्रचलित रीतीविषयी सांगणे अगत्याचे आहे, कारण तिने माणसे दगावतात. ट्रॅक्टर रुतला की मागच्या दोन्ही चाकांना लाकडाचा ओंडका साखळीने बांधतात आणि पुढचा गिअर टाकून क्लच सोडतात. ओंडका चिखलात अडकतो व चाके फिरावयाची थांबतात. परंतु इंजिनाचा जोर थांबत नाही. चाक फिरत नाही म्हणून ट्रॅक्टरचे धूड मागील आसाभोवती फिरते, पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर पाठीवर पालथा होतो. या सगळ्याला सुमारे दीड सेकंद लागतो. चालकाला धोका उमजून त्याचा पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढतानाही हाच धोका संभवतो, विशेषतः साखळी मागील आसापेक्षा उंच जागी, जसे वरच्या लिंकला किंवा आसनाखालील कण्याला, बांधली असेल तेव्हा. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. रुतलेला ट्रॅक्टर स्वतःच्या जोरावर काढावयाचा झाल्यास उलट्या गिअरमध्ये, आल्या वाटेने काढण्याचा प्रयत्न करावा. मागे जाताना पुढची बाजू उचलली न जाता खाली दाबली जाते. तेवढ्याने निघाला नाही तर चाके फिरवीत बसू नये. चाक जितके फिरेल तितका खड्डा खोल होतो.

विंचचे खरे मोल येथे आहे. दोन्ही वाहने जागच्या जागी उभी राहतात, ओढा संथ असतो व झटका बसत नाही.

बंपर की चासी

कारखान्यातून आलेल्या गाडीचा बंपर हा धडकेचा आघात काही अंशी सोसण्यासाठी असतो. तो पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा असून ओढण्याच्या कामाचा नसतो. गावच्या किंवा शहरातील वेल्डिंगच्या दुकानात जाड पाइपांचा बंपर करून मिळतो. तो दिसावयास भरभक्कम असतो, परंतु बहुधा दोन लहान पट्ट्यांवर चार बोल्टांनी टांगलेला असतो. पाइप किती जाड आहे हे पाहून काही निष्पन्न होत नाही. त्या दोन पट्ट्या कशा आहेत व त्या कशाला धरून आहेत, हे पाहावे.

ओढ्याचा मार्ग असा असतो : हूक, दोर, ढोल, विंचचे पाय, बैठकीची पाटी, दोन्ही बाजूंचे कोनपट्टे आणि शेवटी चासीच्या दोन लांब तुळया. या साखळीतील प्रत्येक कडीने पूर्ण ओढा सोसला पाहिजे. बंपर या मार्गात नसला तरी चालते. खरे पाहता नसलेलाच बरा. विंचची बैठक थेट चासीला जोडावी आणि बंपर हा तिच्यावरील केवळ आच्छादन म्हणून राहू द्यावा, ही सर्वांत निर्धोक रचना होय. ज्या गाड्यांना वेगळी चासी नाही, ज्यांचा पत्र्याचा सांगाडा हीच चासी असते, अशा गाड्यांवर विंच बसविण्याच्या भरीस पडू नये.

बैठकीची पाटी किमान ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादाची असावी व तिच्या कडा दुमडलेल्या किंवा पट्टी लावून ताठ केलेल्या असाव्यात. सपाट पाटी ओढ्याखाली वाकते. पाटी वाकली की विंचच्या दोन टोकांचे आधार एका रेषेत राहत नाहीत व आतील दंड अडखळू लागतो. चार टनांच्या सुमाराच्या बहुतेक विंचना चार बोल्टांची बैठक असते. लांबीच्या बाजूने २५४ मिलिमीटर आणि रुंदीच्या बाजूने ११४ मिलिमीटरांहून किंचित अधिक, असे त्या छिद्रांतील अंतर असते. छिद्रे पाडण्यापूर्वी आपल्या विंचवर हे माप प्रत्यक्ष मोजून पाहावे. बोल्ट विंचबरोबर आलेलेच वापरावेत. ते हरवले असतील तर डोक्यावर ८.८ असा अंक कोरलेले त्याच मापाचे बोल्ट घ्यावेत. दुकानातील सुट्या, बिनअंकी बोल्टांवर या कामी विश्वास ठेवू नये. अधिक लांब बोल्ट तळाशी टेकतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटून प्रत्यक्षात सैलच राहतो, हेही लक्षात असावे.

कोनपट्टे चासीला लावताना शक्य तेथे कारखान्याने ठेवलेली छिद्रेच उपयोगात आणावीत. दर बाजूस किमान तीन, १२ मिलिमीटर व्यासाचे बोल्ट असावेत. चासीच्या तुळईच्या वरच्या व खालच्या पट्टीत नवे छिद्र पाडणे किंवा तिच्यावर आडवे वेल्डिंग करणे टाळावे. सर्वाधिक ताण याच पट्ट्यांवर येतो आणि छिद्रापासून किंवा वेल्डिंगच्या टाक्यापासून तेथे तडा सुरू होतो. दोन्ही तुळयांच्या मध्ये एक आडवी पोलादी दांडी द्यावी. दोर नेहमीच सरळ समोर जाईल असे नाही. तो बाजूला गेला की ओढ्याचा मोठा भाग एकाच तुळईवर येतो व ही आडवी दांडी तो दुसरीकडे वाटून देते.

विंचचे स्वतःचे वजन ३५ ते ४० किलोग्रॅम असते. त्यात लोखंडी बंपराची भर पडली की पुढच्या कमानी किंवा स्प्रिंगा दबतात, दिव्यांचा झोत खाली येतो आणि ब्रेक लावताना गाडी नाकावर येते. म्हणून बंपर जितका हलका तितका बरा. रेडिएटरची हवा, दिवे व क्रमांकाची पाटी झाकली जाऊ नये. ढोल मोकळा करण्याच्या क्लचच्या मुठीपर्यंत हात सहज पोहोचावा. घाईत बनविलेल्या बंपरात ही मूठच नेमकी पाइपाआड जाते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी-पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील, असा बदल वाहनात करता येत नाही. गाड्यांना पुढे लावल्या जाणाऱ्या अनधिकृत लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यामागे कारणही आहे. असा गार्ड रस्त्यावरील पादचाऱ्यास अधिक इजा करतो, आणि हवेच्या पिशव्या असलेल्या गाड्यांत धडकेची जाणीव करून देणाऱ्या यंत्रणेच्या कामात तो व्यत्यय आणू शकतो. म्हणून सुटे भाग विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करून उत्तर हाती घ्यावे. दुकानदाराचा तोंडी शब्द अपघातानंतर कामी येत नाही.

विजेची जोडणी

पूर्ण ओढ्यावर विंच १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. हा प्रवाह वेल्डिंग यंत्राच्या प्रवाहाहूनही मोठा आहे. तांब्याच्या तारा ३५ चौरस मिलिमीटरांहून बारीक नसाव्यात. त्या गरम भागांपासून व धारदार कडांपासून दूर, रबरी नळीतून न्याव्यात. बॅटरीजवळ हाताने बंद करता येणारा मुख्य खटका बसवावा व काम नसताना तो बंद ठेवावा. विद्युत खटक्याची पेटी शक्य तितकी उंच लावावी. पांदणीतील पाणी विंचच्या पेटीत शिरले की पुढील पावसाळ्यात ती पेटी उघडण्याचीच पाळी येते.

ओढताना इंजिन चालू ठेवावे. मिनिटभर ओढून थांबावे आणि मोटारीला हात लावून पाहावा. हात ठेवता येत नसेल तर ती निवेपर्यंत वाट पाहावी.

किती ताकदीची विंच घ्यावी

भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी विंच असावी, असा नियम आहे. माल व माणसांसह अडीच टन भरणाऱ्या जीपला पावणेचार टन हा हिशेब येतो. बाजारात याच्या जवळचे ४,३०० किलोग्रॅमचे माप मिळते. तथापि हा आकडा ढोलावर दोराचा एकच थर असतानाचा असतो. थर वाढले की ढोलाचा व्यास वाढतो आणि ओढा घटतो. चौथ्या थरावर सुमारे एक तृतीयांश ताकद गेलेली असते. म्हणून गाडी अडकलेल्या वाहनाच्या अगदी जवळ उभी न करता दूर उभी करावी व दोर अधिकाधिक सोडावा. मात्र ढोलावर तारेच्या दोराचे किमान पाच वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. दोराचे टोक ढोलाला धरून ठेवणारा खिळा ओढा सोसत नाही, ओढा हे वेढे सोसतात.

यंत्रापेक्षा कप्पीवर खर्च केलेला पैसा अधिक फलदायी होतो. रुतलेल्या ट्रॅक्टरला कप्पी लावून दोर तिच्यातून परत आणला, तर ओढा जवळपास दुप्पट होतो व गती निम्मी होते. परत आलेले टोक जीपलाच न बांधता धुऱ्यावरील झाडाला बांधावे. तसे केल्यास ट्रॅक्टरवर चार टनांचा ओढा येत असताना जीपवर दोनच टन येतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण विंच नेहमी हलके असेल त्याला ओढते. पावणेदोन टनांची रिकामी जीप चार टनांनी धरलेल्या ट्रॅक्टरला ओढू लागली, तर ट्रॅक्टर जागीच राहतो आणि जीप घसरत बांधीत उतरते.

ओढताना

जीप टणक जमिनीवर, ओढ्याच्या सरळ रेषेत उभी करावी. हाताचा ब्रेक लावावा, गिअर मोकळा ठेवावा आणि चारही चाकांपुढे दगड किंवा लाकडी ठोकळे द्यावेत. जीप घसरण्याची शंका असेल तर तिच्या मागील ओढहुकातून दुसरा दोर घेऊन तो मागच्या झाडाला बांधावा.

झाडाला दोर प्रत्यक्ष गुंडाळू नये. किमान ७ ते ८ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा झाडाच्या बुंध्याशी, जमिनीलगत घालावा व त्यात शॅकल अडकवावा. तारेने मोहाची किंवा पळसाची साल कापली गेली की झाड वाळते. विजेचा खांब, तलावाचे दार किंवा पाटाचे दगडी बांधकाम यांना आधार म्हणून कदापि वापरू नये. माजी मालगुजारी तलावांवर पुष्कळांचे सिंचन अवलंबून आहे. एका ट्रॅक्टरसाठी त्याच्या दाराचे दगड हलविणे परवडणारे नाही.

जवळ झाड नसेल तर पुरलेल्या ओंडक्याचा आधार करता येतो. टणक जमिनीत ओढ्याच्या दिशेला आडवा, सुमारे एक मीटर खोल चर खणावा. त्यात १५ ते २० सेंटिमीटर जाडीचा, दीड-दोन मीटर लांबीचा ओंडका ठेवून त्याच्या मध्यावर पट्टा बांधावा. पट्टा वर येण्यासाठी चराच्या पुढील भिंतीत उतरती खाच ठेवावी व चर माती चोपून भरावा. चार माणसांना याला तास-दीड तास लागतो. ज्या बांधीजवळ दरवर्षी अडचण येते तेथे हा ओंडका उन्हाळ्यातच पुरून ठेवता येईल.

ट्रॅक्टरला दोर बांधताना पुढील ओढहूक किंवा ड्रॉबार यांचाच उपयोग करावा. पुढचा आस व सुकाणूचे दांडे हे ओढण्याचे भाग नव्हेत.

ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी मागे येते व तिच्या वाटेत आलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जाड घोंगडी टाकावी. तुटलेली तार तिच्या भाराने खाली दाबली जाते. दोराची जेवढी लांबी सुटली असेल तेवढ्या अंतरात चालकावाचून कोणीही उभे राहू नये, व कप्पी लावली असेल तर दोराने केलेल्या कोनाच्या आतील बाजूस कोणीही जाऊ नये. दोर ओलांडून जाऊ नये. हूक दोरालाच परत अडकवू नये. हातात चामडी मोजे असावेत. खुणा एकाच माणसाने कराव्यात. ट्रॅक्टर रुतला की पाहावयास पोरे जमतात आणि नेमकी धुऱ्यावर दोराच्या रेषेत बसतात. त्यांना दूर करण्याचे काम एका वडीलधाऱ्या माणसाकडे सोपवूनच खटका दाबावा.

कृत्रिम धाग्याचा दोर तारेपेक्षा हलका असतो व तुटल्यास कमी उसळतो. पण बारीक रेती व चिखल त्याच्या धाग्यांत शिरून आतून कापतात, उन्हाने तो कमकुवत होतो आणि तारेसाठी असलेल्या, खरखरीत झालेल्या रुळांवर तो टिकत नाही. त्याला गुळगुळीत तोंडाची खाच लागते. जो शेतकरी प्रत्येक वापरानंतर दोर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवील, त्याने तो घ्यावा. इतरांना तारच बरी.

विंचशिवायचा मार्ग

एखाद-दोन वेळच्या अडचणीसाठी जीपला विंच लावणे बहुतेकांना परवडणार नाही व त्याची गरजही नाही. हाताने दांडा मारून तारेचा दोर ओढणारे यंत्र ०.८, १.६ व ३.२ टन अशा मापांत मिळते. ते कोणत्याही झाडाला किंवा पुरलेल्या ओंडक्याला अडकविता येते, बॅटरी लागत नाही व वाहनात काहीही बदल करावा लागत नाही. ३.२ टनांचे यंत्र आणि एक कप्पी यांनी दोन टनांचा ट्रॅक्टर तुंब्याच्या वर रुतलेला असला तरी निघतो. ओढा सावकाश होतो, हीच त्याची उणीव व हाच त्याचा गुण. गावातील पाच-सहा ट्रॅक्टरमालकांनी मिळून असे एक यंत्र, दोन पट्टे, तीन शॅकल व एक कप्पी घेऊन ठेवावी, अशी शिफारस गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करण्यास हरकत नाही.

ज्यांनी विंच बसविली आहे त्यांनी पहिल्या मोठ्या ओढ्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत व कोनपट्ट्यांच्या मुळाशी रंगाला तडे गेले आहेत काय ते पाहावे. रंगातील तडा म्हणजे खालचे पोलाद हलल्याची खूण होय. महिन्यातून एकदा विंच थोडी चालवावी, म्हणजे मोटारीत ओल धरत नाही. रोवणी आटोपल्यावर तार पूर्ण सोडून धुवावी व तेलाच्या फडक्याने पुसावी. तुटलेले केस दिसतील तर नवी तार घ्यावी. तार परत गुंडाळताना एक माणूस बसलेली जीप तिच्याच विंचने सपाट रस्त्यावर हळूहळू पुढे ओढून घ्यावी. अशा ताणाखाली गुंडाळलेल्या तारेचे थर एकमेकांत रुतत नाहीत.